वळून बघणारी

मोटारसायकल मागे नेणं हा काही मर्दुमकीचा विषय नाही. पुढे सुसाट जाणाऱ्याचे फोटो भिंतीवर लागतात, मागे येणाऱ्याकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. तरी त्या कारखान्यात एक बाई होती, जी सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच दोनशे किलोची इलेक्ट्रिक मोटारसायकल फक्त मागे मागे चालवायची, आणि त्याचं तिला काडीचंही वाईट वाटत नव्हतं. वाईट वाटायचं ते इतरांना. तिला तिथे सगळे मावशी म्हणत.

या मावशीवरून पहिल्याच आठवड्यात वाजलं होतं. चाचणी विभागाच्या साहेबांनी मान वर न करता म्हटलं, "मावशी, जरा दोन चहा सांगा." ती म्हणाली, "तीन सांगते. मी पण घेणार, बिनसाखरेचा. आणि साहेब, मी गाडी चालवायला आलेय, त्यामुळे उद्या तुम्ही सांगायचा." विभागात खसखस पिकली. साहेबही हसले, पण त्यांचं हसू डोळ्यांपर्यंत काही पोचलं नाही. मावशी हे नाव मात्र चिकटलं ते चिकटलंच.

वय चाळिशीच्या पुढे, उंची बेताची, आवाज खणखणीत. त्याआधी अकरा वर्षं ती एका मोठ्या इस्पितळाच्या तळघरात पार्किंग सांभाळत होती. तिथे दुचाकी इतक्या खेटून लागायच्या की एक काढायची तर आधी चार हलवायच्या. लोक गाडी लावायचे म्हणजे काय, टाकून पळायचे. कुणाचा बाप वरच्या मजल्यावर, कुणाची बायको बाळंतीण, गाडीचं हँडल कुणीकडे आहे याचं भान कुणाला? त्या सगळ्या गाड्या ही बाई कमरेला लावून, वीत वीत मागे ओढायची. आणि मागे कायम कुणीतरी असायचंच. चाकाच्या खुर्चीतला म्हातारा, हात सोडून धावलेलं पोर, एक्सरेचं मोठं पाकीट छातीशी धरून चुकीच्या जिन्याकडे निघालेली बाई. तिने स्वतःला एकच नियम घालून घेतला होता. उजव्या खांद्यावरून पूर्ण वळून मागे बघायचं, मगच गाडी हलवायची. अकरा वर्षांत तिच्या हातून कुणाच्या नखाला धक्का लागला नाही. हे ती स्वतःहून सांगायची नाही, पण कुणी विचारलं तर दोनदा सांगायची.

कंपनीला साध्या उंचीचा, रोज गाड्या ढकलणारा माणूस हवा होता, म्हणून तिला घेतलं. बॅटरीमुळे या गाड्या दगडासारख्या जड. उतारावर नाक खाली करून लावली की पायाने मागे घेणं बेताच्या उंचीच्या माणसाच्या बापाला जमायचं नाही. म्हणून मोटरच उलटी फिरवायची सोय केली होती. खटका दाबायचा, मीटरवर उलटा बाण येतो, मूठ हलकेच पिळायची, गाडी सरपटत मागे. ऐकायला किती सोपं! पण पेट्रोलचं इंजिन आधी जरा खाकरतं तरी, इलेक्ट्रिक मोटर तसं काही करत नाही. थांबलेली असतानाच सगळा जोर चाकाला देऊ शकते. तेव्हा मागे जाताना तिला किती जोर द्यायचा, किती सावकाश द्यायचा आणि कुठे आवरायचं, यातच सगळी मेख होती.

ते ठरायचं सीटखालच्या एका डबीत. त्या डबीला कंट्रोलर म्हणत, आणि त्याचा प्रोग्राम लिहिणाऱ्या चष्मेवाल्या मुलीला कंट्रोलरवाली. तिने आधी शहाणपणाने बेत आखला होता. ताशी पाच किलोमीटरच्या वर वेग नाही, जोर पाव हिस्सा, आणि तोही हळूहळू चढणारा. पण उतारावरून गाडी मागे चढेना. साहेब वैतागले. "मेल्यासारखी काय चालते ही! जोर वाढवा. आणि मूठ पिळल्या पिळल्या लागला पाहिजे." जोर दुप्पट झाला, सावकाशपणा गेला. वेग पाचच राहिला, म्हणून सगळे निर्धास्त.

चाचणीची पद्धतही ऐकण्यासारखी होती. जमिनीवर वीस मीटरची पिवळी रेघ. तिच्यावरून मागे जायचं आणि मीटरवरचा वेग मोठ्याने वाचत जायचा. दोन, तीन, साडेतीन. तो आकडा कंट्रोलरवाली लॅपटॉपवर पडताळून बघायची. मागे चिटपाखरू नसायचं, कारण चाचणीच्या वेळी मागे कुणी जायचं नाही असा फलकच लावला होता. म्हणजे मावशी आणि तिचे दोन साथीदार, तिघेही मागे जाताना डोळे लावून समोर बघत असायचे. अशा चारशे फेऱ्या झाल्या. चारशेही बिनचूक.

मग एका दुपारी स्टोअरचा माणूस काचांची खोकी घेऊन फलक ओलांडून गाडीच्या मागून निघाला. घाई होती म्हणे. तिला बुटांचा आवाज आला आणि ती वळली. अकरा वर्षांची सवय, मीटरबिटर गेलं उडत. त्याच क्षणी गाडीने मागे जी उसळी मारली, ती खाली कोसळूनच थांबली. स्टोअरवाला उडी मारून वाचला, खोकी वाचली. मावशीचा डावा घोटा गाडीखाली गेला आणि मोडला.

तिसऱ्या दिवशी कंट्रोलरवाली घरी आली, हातात अहवाल. पुढच्या खोलीत मावशीचा नवरा शिलाई मशीनवर बसला होता. तो गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवायचा. त्याने कातड्याचे तुकडे बाजूला सारून तिला खुर्ची दिली. मावशी पलंगावर, पाय उशीवर. मावशीने अहवाल वाचायला घेतला. वेग चार पूर्णांक आठ, मर्यादेत. जोर मर्यादेत. ब्रेक ठीक. मूठ मात्र अर्ध्या सेकंदात आठ टक्क्यांवरून साठ टक्क्यांवर. खाली कारणाचा रकाना होता आणि त्यात दोनच शब्द होते. चालकाची चूक.

"इथे सही लागेल," मुलगी जमिनीकडे बघत म्हणाली. "साहेब म्हणाले, पाय बरा झाला की तुम्हाला स्टोअरमध्ये बसून काम देतील. गाडी तीन आठवड्यांत बाजारात जायचीय ना, तोवर कागद पूर्ण हवेत."

"आणि नाही केली सही तर?"

मुलीने पेन काढून कागदावर ठेवलं.

"मी मूठ पिळली नाही," मावशी म्हणाली.

"मावशी, रेकॉर्ड आहे हो. ते खोटं कसं बोलेल?"

"मग मी खोटं बोलते का?"

चहा न घेताच मुलगी गेली. कागद पलंगावर राहिला. नवऱ्याने मशीन थांबवलं, पण तिच्याकडे न बघता, कातडं कुरवाळत म्हणाला, "करून टाक ना सही. बसून काम मिळतंय. कशाला उगाच त्यांच्या डोळ्यांत खुपायचं?"

"अहो, पण मी केलंच नाही ते!"

"नसेल केलं. कोण बघायला जातंय?"

तिचा पारा चढला. "उद्या ही गाडी लोकांच्या दारात उभी राहील. कुणी बाप ती मागे घेईल, मागे त्याचीच पोरगी असेल, आणि तो वळून बघेल. पोरगी चाकाखाली गेली की कंपनी हाच कागद काढेल. चालकाची चूक. खाली माझी सही! मी नाही करणार. स्टोअर गेलं खड्ड्यात." एवढं बोलून तिने भिंतीकडे तोंड केलं. नवऱ्याने निमूटपणे मशीन सुरू केलं.

तोंडाने ठणकावलं खरं, पण मनातून ती हलली होती. हे कुणाला सांगायचं? आकडे खोटे नव्हते. मूठ फिरली होती आणि मुठीवर हात तिचाच होता. म्हणजे आपणच घाबरून पिळली की काय? अकरा वर्षांचा तो तोरा फुकाचाच होता का? दोन दिवस ती कुणाशी धड बोलली नाही. शेजारीण विचारपूस करायला आली, तर तिच्याशीही "हो, नाही" एवढंच. तिला पायापेक्षा हे जास्त दुखत होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी तिने आतून हाक मारली. "अहो, ते लाटणं द्या इकडे."

"कशाला? मला मारायला?"

"तुम्हाला मारायला लाटणं कशाला लागतंय? द्या म्हणते ना."

त्याने दिलं. पलंगावर बसून तिने ते समोर आडवं धरलं, उजव्या हातात, गाडीची मूठ धरावी तसं. मग त्याला म्हणाली, तुमच्या खडूने याच्यावर वरच्या बाजूला एक रेघ मारा. त्याने कातड्यावर खुणा करायचा पांढरा खडू आणून बरोबर वर, छताकडे बघणारी रेघ ओढली. मग तिने त्याला मागे जाऊन काहीतरी आपटायला सांगितलं. तो स्वयंपाकघरात गेला आणि सांगितल्यापेक्षा जरा जोरातच पातेलं आपटलं. ती वळली.

"आता तसंच थांब," तो दारातून म्हणाला आणि पुढे येऊन बघायला लागला. रेघ छताकडे नव्हतीच. ती तिच्या पोटाकडे आली होती.

"मी फिरवलं का?"

"छे. तू तर माझ्याकडे बघितलंस."

दोघांनी मिळून मग ते दहा वेळा केलं. नंतर त्याने स्वतः लाटणं धरलं आणि तिने पलंगाच्या कडेवर पट्टी आपटली. दर वेळी तेच. उजव्या खांद्यावरून वळलं की खांदा मागे जातो, त्याच्याबरोबर कोपर, कोपराबरोबर मनगट, आणि मनगटाबरोबर मूठ. हाताला पत्ताही लागत नाही. तिने डावा अंगठा पलंगाच्या कडेवर दाबून धरला आणि पुन्हा वळून पाहिलं. अंगठा जागचा हलला नाही. ती इतकी मोठ्याने हसली की शेजारीण खिडकीत आली.

"सही कर म्हणत होतो ना मी?" नवरा म्हणाला. "ते शब्द मागे घेतो. जा आणि त्या साहेबाच्या टेबलावर हे लाटणं ठेव."

तिने लाटणं नेलंच. दुसऱ्या दिवशी दोन्ही काखांत कुबड्या, खांद्याला पिशवी, पिशवीत लाटणं आणि तो अहवाल. फाटकावरच्या पहारेकऱ्याने आजारी रजेवर आत येता येत नाही असं सांगितलं. तिने विचारलं, "मग मला अडवायला कोण पळणार माझ्या मागे, तुम्ही?" तो पहारेकरी जाडजूड होता. त्याने फाटक उघडलं.

चाचणीच्या शेडमध्ये साहेब होते, कंट्रोलरवाली होती, दोघे साथीदार होते, आणि पिवळ्या रेघेवर तीच मोटारसायकल उभी होती. मावशीने सगळं सांगितलं, लाटणं धरून करूनही दाखवलं. कंट्रोलरवाली पुढे आली, तिने स्वतःच्या हाताने करून पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला. साहेबांवर मात्र ढिम्म परिणाम नाही.

"मावशी, घरच्या लाटण्यावर कारखाने चालत नाहीत."

"मग मुठीवरही नकोत. मागे जाताना मूठ बंद करा. डाव्या अंगठ्याला बटण द्या. दाबून धरलं तरच गाडी सरकेल, सोडलं की थांबेल. आणि जोर सावकाश चढू द्या, आधी होता तसा."

"हँडलचे साचे तयार झालेत. तीन आठवडे राहिलेत. आणि तुम्हाला काय वाटतं, आम्ही इतके दिवस गवत उपटतोय? चारशे फेऱ्या झाल्यात इथे."

"समोर बघून."

साहेबांनी कोट काढून खुर्चीवर टाकला. तरुणपणी त्यांनी शर्यती मारल्या होत्या, हे ते स्वतःच आठवड्यातून एकदा तरी सांगायचे. ते गाडीवर बसले, खटका दाबला आणि वीस मीटर मागे गेले, मीटर वाचत. दोन, तीन, चार. लोण्यासारखी गेली गाडी. त्यांनी ती पुन्हा रेघेच्या सुरुवातीला आणली आणि विचारलं, "झालं समाधान?"

"नाही."

ती खट खट करत रेघेवरून मागे चालायला लागली. पावलं मोजत होती. ती पडली त्या दिवशी गाडी किती उसळली होती, हे तिला पक्कं ठाऊक होतं, आणि तिला शौर्य गाजवायचं होतं, पण मरायचं नव्हतं. बारा पावलांवर ती थांबली, गाडीच्या बरोबर मागे. कुबड्या टेकून उभी राहिली.

"आता या मागे."

"मावशी, बाजूला व्हा!" कंट्रोलरवाली ओरडली.

"का गं? पाचाच्या वर जात नाही ना? सगळं मर्यादेत आहे ना? चूक तेवढी माझ्यासारख्या चालकाची होते. साहेब तर शर्यती मारलेले. येऊ दे त्यांना."

वेल्डिंगवाले, स्टोअरवाला, सगळे येऊन उभे राहिले होते. साहेबांच्या मानेवर लाली चढली. उतरावं तर नाक कापलं जाणार होतं. त्यांनी दात आवळून खटका दाबला, मूठ किंचित पिळली. गाडी सरपटायला लागली. "दोन," ते म्हणाले. नजर मीटरवर. "अडीच." पण मागे एक मोडक्या पायाची बाई उभी आहे हे ठाऊक असताना मीटरकडे बघत मागे जाणारा माणूस अजून जन्मायचाय. ते वळले.

गाडी उसळली. साहेबांनी दोन्ही ब्रेक आवळले, बूट जमिनीवर खरडला, गाडी कलली, आणि दोघा साथीदारांनी धावत जाऊन ती हँडलला धरून कशीबशी सावरली. मागचं चाक मावशीपासून सहा पावलांवर थांबलं होतं. ती जागची हलली नव्हती. कुबड्यांवरच्या बोटांची नखं मात्र पांढरी झाली होती, ती कुणाला दिसली नाहीत.

"मी पिळली नाही," साहेब धापा टाकत म्हणाले. "शपथेवर सांगतो, मी मूठ पिळली नाही."

कंट्रोलरवालीने लॅपटॉप बघितला. एकेक आकडा मोठ्याने वाचला. "मूठ सात टक्क्यांवरून एकसष्ट. वेग चार पूर्णांक नऊ. मर्यादेत."

मावशी सावकाश पुढे आली. पिशवीतून अहवाल काढला, गाडीच्या सीटवर ठेवून तळहाताने सरळ केला आणि त्यावर पेन ठेवलं.

"यातलं माझं नाव मी खोडलंय. बाकी सगळं तसंच ठेवलंय, चालकाची चूकसुद्धा. तुमचं नाव घाला आणि सही करा."

साहेबांनी पेन उचललं. त्याचं टोक त्या रकान्यापर्यंत गेलं आणि तिथेच अडलं. शेवटी त्यांनी पेन खाली ठेवलं आणि कंट्रोलरवालीला म्हणाले, "कोरा फॉर्म आण." मग मावशीकडे वळून, जरा खालच्या आवाजात, "सांगा. कारण काय लिहू?"

"उभ्याने सांगू?"

वेल्डिंगवाल्याने साहेबांचा कोट उचलला आणि त्यांचीच खुर्ची तिच्यासाठी पुढे केली. ती बसली, मोडका पाय लांब केला, कुबड्या जमिनीवर ठेवल्या.

"लिहा," ती म्हणाली. "गाडी मागे घेताना माणूस मागे बघतो."